ये म्हण ना

दुपारची झोप झाली की गार्गीला कडेवर घ्यायचं, पर्समधून किल्ली काढायची आणि वरच्या मजल्यावर जाऊन किशोरीच्या झाडांना पाणी घालायचं, एवढंच काम होतं. जुलैच्या दुपारी सौदीतल्या जुबैलमध्ये याहून मोठं काम कुणी अंगावर घेतही नाही. बाहेर ऊन असं पेटलेलं असतं की कॉलनीतली मांजरंसुद्धा गाड्यांखालून हलत नाहीत. शाळांना सुट्टी लागली होती, बहुतेक बिऱ्हाडं गावी गेली होती. अख्ख्या बिल्डिंगमध्ये उरली होती ती अमिता, तिची गार्गी आणि भिंतींतून घुमणारे एसी. नवरा पंकज प्लँटच्या शटडाउनवर, म्हणजे प्लँट बंद ठेवून चाललेल्या दुरुस्तीवर. पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि परत आला की बूट काढता काढताच पेंगायचा.

तर काम साधं होतं. एक तुळस, दोन कढीपत्ते आणि एक मनी प्लँट. पण जिना चढताना अमिताच्या मनात रोज काहीतरी कडू उसळून यायचं. किशोरी आणि तिचा नवरा सत्यजित नामिबियाला गेले होते. आणि नामिबिया अमिताचा होता.

हे कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता, हे तिलाही कळत होतं. एम.एस्सी. झालेल्या बाईने अख्खा देश आपला म्हणावा! पण लग्नानंतर इथे आल्यापासून, पंकज ड्यूटीवर गेला की ती लॅपटॉप उघडून बसायची ती त्याच रस्त्यांवर. विंडहुकला उतरायचं, छपरावर तंबू असलेली गाडी घ्यायची. सोसुसव्लेईच्या लाल टेकड्या उजाडताना चढायच्या. मग समुद्राकडे, ल्युडेरिट्झला. मग वर एटोशाचे हत्ती, आणि सगळ्यात शेवटी बोट्स्वानात ओकावांगो, जिथे नदी समुद्राला न मिळता वाळवंटातच पसरून संपते. कुठल्या पंपानंतर पेट्रोल मिळत नाही हेसुद्धा तिला पाठ होतं. किशोरीला तेव्हा सोसुसव्लेई म्हणजे एखादा साबण वाटला असता.

चौघांनी मिळून जायचं ठरलं होतं. मग अमिताला दिवस गेले. मग गार्गी झाली. मग 'पुढच्या वर्षी', मग पुन्हा 'पुढच्या वर्षी', मग शटडाउन. आणि एप्रिलमध्ये एकदा चहा पिता पिता किशोरी म्हणाली, "अमे, तुझा तो प्लॅन पाठव ना. आम्ही जाऊन येतो. नाहीतरी तुला आता कुठं जमणार?"

अमिताने पाठवला. वर एक हसरा चेहराही टाकला. त्या चेहऱ्याइतकं खोटं ती आयुष्यात कधी हसली नव्हती.

निघायच्या दिवशी रफीकभाईंची गाडी खाली लागली. रफीकभाई हर्णैचे. दम्मामच्या विमानतळावर जायचं तर कॉलनीतली सगळी मराठी माणसं त्यांनाच बोलवायची. बॅगा चढल्या, सत्यजित पुढे बसला. किशोरीने नवी खाकी टोपी सावरत काच खाली केली.

"येते गं, अमे!"

कोकणातून आखातात येणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. घर सोडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि मागे राहणारा 'ये' म्हणतो. ते ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. अमिताच्या ठकूआत्याचे यजमान मस्कतला असत. आत्या सांगायची, "ये म्हटलंस की माणसाला दोरी बांधली जाते बघ. नाही म्हटलंस तर तो जातो, पण परतीची वाट काही त्याला दिसत नाही."

अमिता गार्गीच्या टोपीची नाडी बांधत होती. ती नाडी अचानक फारच गुंतली.

"हं," ती म्हणाली.

"अगं, हं काय! ये म्हण ना!" किशोरी हसत होती.

नाडी काही सुटेना. रफीकभाईंनी आरशातून एकदा अमिताकडे पाहिलं. जरा थांबले. मग "यल्ला, चला" म्हणाले, पण नेहमीच्या ठसक्यात नाही, आणि गाडी वळली.

रात्री जेवताना तिने पंकजला सांगितलं.

"मग?"

"मग काही नाही. मी ये म्हटलं नाही."

"तुझ्या 'ये'वर विमानं चालत असती तर तिकिटावर तुझी सही घेतली असती त्यांनी," पंकज म्हणाला आणि ताटावरच डुलकी घेऊ लागला.

त्याचं बरोबरच होतं. अमिताला ते पटलंही. पटलेल्या गोष्टी मनात टिकत नाहीत, हा तिचा जुना त्रास होता. गार्गी दोन वर्षांची होत आली तरी 'आई' म्हणत नव्हती. 'मम' म्हणजे पाणी आणि 'काऊ' म्हणजे कुठलाही पक्षी. डॉक्टर म्हणाले होते, येईल बोलायला, काही मुलं उशिरा बोलतात. तेही पटलं होतं. तरी ती रोज आरशासमोर गार्गीला धरून ओठांचे चाळे करत 'आ… ई…' करायची आणि गार्गी तिच्या नाकाला हात लावून खिदळायची.

किशोरीचे फोटो येऊ लागले. लाल टेकडीच्या धारेवर चालणारी किशोरी. पांढऱ्याफट्ट मातीत उभी काळी, कोळशासारखी मेलेली झाडं आणि त्यांच्यामध्ये हात पसरून किशोरी. अमिता प्रत्येक फोटो मोठा करून बघायची. किशोरीला वगळून बघायची. तिच्या जागी आपण, कडेवर गार्गी, असं इतकं मन लावून बघायची की डोळ्यांत पाणी यायचं. मोबाइल खाली ठेवल्यावर घरातल्या भिंती क्षणभर अनोळखी वाटायच्या.

एकदा कॅम्पच्या वायफायवरून फोनही आला.

"अमे, तुझ्या त्या मेलेल्या झाडांच्या डेडव्लेईत जाऊन आले! तू लिहिलंयस ना तस्संच आहे गं सगळं. एवढी शांतता की आपलंच रक्त कानात वाजतं. गार्गी आई म्हणाली का?"

"अजून नाही."

"मी शिकवते बघ. आधी मावशी म्हणेल, पैज लाव. आणि हो, तू त्या दिवशी ये म्हणाली नाहीस हं. मी लक्षात ठेवलंय. आता तरी म्हण."

"किशे, तुझं नेटवर्क जातंय गं," अमिता म्हणाली.

नेटवर्क स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालायला गेली तेव्हा किशोरीच्या हॉलमध्ये, बेडरूमच्या बंद दारापाशी, वाळूची एक रेघ पडली होती.

जुबैलच्या घरात वाळू येणं यात नवल नाही. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या तरी ती येतेच. पण इथली वाळू पिठासारखी बारीक, फिकट. ही भरड होती. आणि तांबूस. अमिताने बोटावर घेतली, वास घेतला. उन्हात तापलेल्या लोखंडासारखा कोरडा वास होता. 'फिरायचं त्यांनी आणि वाळू झाडायची मी,' असं पुटपुटत तिने केरसुणी शोधली, सुपलीत भरून टाकून दिली.

पुढच्या दुपारी रेघेचा पट्टा झाला होता. त्यावर वाऱ्याने उमटवाव्यात तशा नाजूक लाटा होत्या. खिडक्या बंद, एसी बंद, घरात वाऱ्याचा मागमूस नाही. गार्गी वाळू दिसली की त्यात लोळणारं पोर. पण ती पट्ट्याच्या अलीकडे गपचूप उकिडवी बसली. मान वर करून तिने बंद दाराकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि हात हलवून टाटा केला.

"कोण आहे गं तिथं?" अमिताने हसतच विचारलं. विचारल्यावर तिला आपल्या आवाजाचीच भीती वाटली. दार उघडून बघणं सोपं होतं. ते तिने केलं नाही. दुसऱ्याच्या बेडरूममध्ये कशाला जायचं, असं स्वतःला बजावून ती खाली आली.

"एसीच्या डक्टमधून येत असेल," पंकज म्हणाला. "मेंटेनन्सला फोन कर."

मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, त्या बिल्डिंगला डक्टच नाहीत.

त्यानंतरच्या दुपारी धुळीचं वादळ आलं. आधी आकाश हळदीसारखं झालं, मग विटेसारखं, आणि मग समोरची बिल्डिंग पुसून टाकल्यासारखी गेली. अशा वेळी बाईने आपल्या घरात दार लावून बसावं. पण किशोरीच्या गॅलरीतल्या कुंड्या आत घ्यायच्या राहिल्या होत्या, आणि त्या उलथल्या तर आपण मुद्दामच जाऊ दिल्या असं आपल्यालाच वाटत राहील, हे अमिताला माहीत होतं. मत्सर करणाऱ्या माणसाला फार सांभाळून वागावं लागतं.

जिन्यात थांबून तिने किशोरीचा त्या सकाळचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. ल्युडेरिट्झजवळचं कोलमन्सकोप. हिरे सापडत होते तोवर नांदलेलं आणि मग माणसांनी टाकून दिलेलं गाव. घरं उभी आहेत, पण आत वाळू राहते. खोल्यांत कमरेएवढे ढीग, अर्ध्यात रुतलेली दारं, भिंतींवरचा रंगीत कागद सोललेला. अमिताच्या प्लॅनमध्ये या नावाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. व्हिडिओच्या शेवटी किशोरी एका दुमजली घराकडे कॅमेरा वळवते आणि म्हणते, "अगंबाई, वर ती कोण—" आणि व्हिडिओ संपतो.

किशोरीच्या घरात उजेड तपकिरी झाला होता. बेडरूमच्या दाराला टेकून वाळूचा उतार चढला होता, जवळजवळ कडीपर्यंत. तो आतल्या बाजूने दाबला जात असावा तसा मधूनच थोडा घसरत होता. सर्र… मग शांत. मग पुन्हा सर्र…

फोन वाजला तेव्हा अमिता किंचाळलीच असती. सत्यजित होता.

"अमिता, किशोरीचा तुला काही फोन, मेसेज?"

"नाही. का? काय झालं?"

"अगं, सापडत नाहीये ती. एका घरात शिरली. कुणीतरी ओळखीचं दिसलं म्हणाली, आत्ता येते म्हणाली… मी बाहेरच थांबलो. इथले गार्ड पण शोधतायत. इथे दुपारीच बंद करतात, ती वेळ पण होऊन गेली." त्याचा आवाज चिरकला. "पावलं आत गेलेली दिसतात गं. बाहेर आलेली नाहीत. मागचं दार, खिडक्या, कुठंच नाहीत…"

"नीट बघा… असेल तिथंच…" ती बोलत होती आणि त्याच वेळी तिला ऐकू आलं. फोनमधून नाही. दारापलीकडून. वाळूतून गाळून यावा तसा, घोगरा, जवळचा आवाज.

"अमे… येते गं."

गार्गीने दाराकडे हात हलवला.

 अमिताला कळलं होतं काय हवंय ते. एक अक्षर. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही आपण सहज देतो ते. आणि तरीही त्या क्षणी, सत्यजित फोनवर रडत असताना, तिच्या मनात तिच्याच आवाजात, अगदी थंडपणे, एक वाक्य उमटलं : राहू दे तिला तिथं. जमलं ना तुला जायला? मग राहा.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. वाट बघणारा.

"अमे… ये म्हण ना…"

या वेळी हसण्याचा मागमूस नव्हता. पुढच्याच क्षणी वाळूने तोंड भरल्यासारखा तो आवाज घुसमटला. अमिताला त्या गाडीतला, काच खाली करून वाट बघणारा चेहरा दिसला, आणि तिच्या छातीतून काहीतरी फाटल्यासारखं बाहेर आलं.

"ये! ये गं किशे, ये! ये!"

दार थरथरलं. वाळूचा उतार एका दमात कोसळून फरशीवर पसरला. फोनमधून सत्यजित ओरडत होता, "सापडली! अमिता, सापडली, बाहेर आली ती! ठेवतो मी!"

अमिता तिथेच खाली बसली. हुंदके देत, हसत. दार शांत झालं होतं. पलीकडून आता कसलाच आवाज नव्हता.

गार्गी तरीही हात हलवत होती.

रात्री तिने पंकजला जबरदस्तीने वर नेलं. त्याने बेडरूमचं दार उघडलं. पलंग, घडी घातलेल्या चादरी, बंद कपाट. वाळूचा कणही नाही. हॉलमध्येही नाही.  त्याने फक्त अमिताच्या कपाळाला हात लावून पाहिला.

किशोरी आणि सत्यजित पुढची सहल सोडून परत आले. एटोशा राहिलं, ओकावांगो राहिलं. हे ऐकून आपल्याला किंचित बरं वाटलं, हे अमिताने स्वतःपासूनही लपवायचा प्रयत्न केला. रफीकभाईंची गाडी लागली तेव्हा ती खाली उभीच होती. किशोरीने पाय बाहेर टाकायच्या आत ती म्हणाली, "ये." रफीकभाईंनी मान डोलावली आणि बॅगा काढायला वळले.

दोनेक दिवसांनी, सकाळी, किशोरी अमिताकडची किल्ली न्यायला आली. उन्हाने काळवंडली होती, गालांची हाडं वर आली होती. तिने गार्गीसाठी लाकडी जिराफ आणला होता. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. गार्गी जिराफाला दारापर्यंत चालवत नेत होती.

"सत्यजितला नाही सांगितलेलं," किशोरी कपाकडे बघत म्हणाली. "वेड लागलं म्हणेल. पण तुला सांगायला हवं. मी त्या घरात तुझ्यामागे शिरले गं."

"माझ्या?"

"वरच्या खिडकीत तू उभी होतीस. हाच निळा गाऊन. मला वाटलं, सरप्राइज द्यायला आलीस की काय! येडीच मी. जिना चढून गेले, तर तू पुढच्या खोलीत. तिथे गेले, तर त्याच्या पुढच्या. आणि मग मागचं दारच दिसेना. सगळीकडे वाळू. तू कोपऱ्यात उभी राहून बघत होतीस. रागाने नाही… हावऱ्यासारखी. मी म्हटलं, अमे, येते गं, जाऊ दे मला. तू बोलेचना." तिने अंगावर शाल ओढावी तसे दंड आवळले. "आणि मग तू ये म्हणालीस. पण ते त्या कोपऱ्यातून नाही आलं. भिंतीपलीकडून आलं. लांबून. तसं दार दिसलं."

 अमिताने कप खाली ठेवला.

"गार्गी होती का माझ्याजवळ?"

"तेच गं." किशोरीने आवाज आणखी खाली आणला. "हात कडेवर पोर घेतल्यासारखा होता. असा. कंबर एका बाजूला काढून. पण कडेवर कुणीच नव्हतं."

एसी बंद पडून पुन्हा सुरू झाला.

"मी बाहेर पळाले तेव्हा ती कोपऱ्यातली मागून म्हणाली, 'मी पण येते गं.' अगदी तुझ्यासारखं. तुझ्याच आवाजात."

"मग? तू काय म्हणालीस?"

"काही नाही. जीव घेऊन पळत होते मी." किशोरीने वर पाहिलं. "का? ये म्हणायला हवं होतं का?"

"नको!" अमिता एवढ्या जोराने म्हणाली की किशोरी दचकली. "नको. बरं केलंस. कधीच म्हणू नकोस."

 मग किशोरी उठली. तिने किल्ली घेतली, अमिताच्या पाठीवरून हात फिरवला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन वळली.

"येते गं."

"ये," अमिता म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने, जन्मात कधी म्हटलं नव्हतं इतक्या मनापासून. "ये हं किशे. ये."

तिने दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली. किशोरीची पावलं जिन्यावरून वर जाताना ऐकली. वरचं दार उघडलं, लागलं. संपलं एकदाचं, असं म्हणत ती कप उचलायला वळली.

गार्गी बंद दारासमोर उभी होती. जिराफ तिच्या पायाशी आडवा पडला होता. मान वर करून, दाराच्या बरोबर मध्यावर बघत, ती ओळखीचं हसली.

"आई," गार्गी म्हणाली.

इतके महिने, आरशासमोर बसून, ओठ दुखेपर्यंत ज्याची वाट पाहिली तो शब्द. इतका स्वच्छ. इतका गोड. आणि अमिता तिच्या मागे उभी होती. भीतीच्याही आधी तिच्या मनात उसळून आलं ते तेच जुनं, कडू, ओळखीचं काहीतरी.

"गार्गी… बाळा, इकडे बघ. आई इकडे आहे… मी आहे आई…"

गार्गीने वळून पाहिलं नाही. नुकताच ऐकलेला शब्द तिने जिभेवर घोळवला आणि हात हलवला.

"आई… ये."

मग तिने दोन्ही हात वर केले, कडेवर घे म्हणताना करते तसे. आणि अमिता धावत तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत, तिच्या टाचा हळूच फरशीवरून उचलल्या गेल्या.